मलाप्पा हेळवी आणि आमची अश्विनी

मलाप्पा चोपडी क्वचितच उघडायचे. सोप्यात टेकले, की ती मांडीवर घेऊन डोळे मिटायचे आणि माझ्या सासरच्या पिढ्यान्‌पिढ्या एका दमात म्हणायचे. हेळवी म्हणजे ठरलेल्या घरांची वंशावळ राखत गावोगाव फिरणारी माणसं. मलाप्पा कराडजवळच्या आमच्या गावात दोन-तीन वर्षांनी यायचे, जोंधळे घेऊन जायचे. "एवढी नावं डोक्यात मावतात तरी कशी वो?" असं विचारलं की हसायचे. "आमी मेल्याली सांभाळतो, आक्का. जित्ती तुमी सांभाळा."

माझी नात अश्विनी. तिनं विट्याकडचा मुलगा स्वतःच पसंत केलेला. आडनाव वेगळं, घर चांगलं. सुपारी फुटायच्या दिवशी नेमके मलाप्पा आले. माझ्या दत्तूला, म्हणजे अश्विनीच्या बापाला, भारी हौस! पाहुण्यांसमोर म्हणाला, "म्हणा मामा, कळू द्या आमचं घराणं."

मलाप्पांनी डोळे मिटले. "राणोजीला दोन ल्येक. थोरला हितंच. धाकटा संताजी दुष्काळात विट्याकडं गेला, सासऱ्याच्या गावात ऱ्हायला. त्याच्या म्होरं आमाला ठाव न्हाई."

मुलाच्या आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. "संताजी? आवं, आमचा मूळपुरुष त्योच की! सासऱ्याचं आडनाव लावल्याला."

म्हणजे एकच भाऊकी. नवरा-नवरी नात्यानं बहीण-भाऊ. मग दत्तूच मलाप्पांवर ओरडला, "कशाला सांगितलंसा?"

"तुमीच म्हणा म्हणालासा, मालक."

अश्विनी माझ्याकडं वळली. "दीडशे वर्सांमागचा संताजी माझं लगीन मोडणार व्हय, आज्जी?" पाहुणे न जेवता गेले. मलाप्पांनीही त्या दिवशी जोंधळे घेतले नाहीत.

अश्विनीनं मिरजेत नोंदणी करून त्याच मुलाशी लग्न केलं. दत्तूनं तिचं नाव टाकलं.

पुढच्या खेपेला मलाप्पा आले ते काठी टेकत. चोपडीची गाठ सोडून विचारलं, "घरात नवं कोण?"

"कुणी न्हाई," दत्तू म्हणाला आणि आत गेला.

मी म्हटलं, "अश्विनीला ल्येक झालीया. लिवा."

"लेकी आमी लिवत न्हाई, आक्का."

"ही लिवा. दोन्हीकडनं आपलीच हाय. माझ्या नावाखाली लिवा."

त्यांनी पानं उलटली, मग माझ्याकडं पाहिलं. अगदी हळू म्हणाले, "तुमचं नाव तरी कुठं हाय, आक्का?"

चोपडी बांधून ते गेले. पुढं वारल्याचंच कळलं.

अश्विनीची लेक आता चालायला लागली म्हणतात. मी अजून पाहिलेली नाही.