चित्राखालची माझी ओळ

अन्याय झाला तो माझ्या काकावर. गेल्या वर्षी, गणपती तीन आठवड्यांवर आलेले असताना, रविवारी सकाळी साडेदहा वाजता, काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या जिन्यात. करणारी मी. बिल्डर नव्हे, कमिटी नव्हे, सरकारही नव्हे. एरवी माझ्या पत्रकांच्या पहिल्या ओळीत यांच्यापैकी कुणीतरी असतं. या वेळी मी आहे.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याच खोलीत राहतो. "भावोजी काय करतात?" असं कुणी विचारलं की आई सांगते, "लोकांची तोंडं काढतात." काका आतून ओरडतो, "तोंडां नाय, अर्क!" तो अर्कचित्रं काढतो. व्यंगचित्रकार म्हटलेलं त्याला खपत नाही. व्यंग बघायला डॉक्टर आहेत, म्हणतो.

आधी तो दिवाळी अंकांना हास्यचित्रं द्यायचा. अंक बारीक होत गेले, मग काही बंदच पडले. राहिली दादरच्या हॉलमधली लग्नं, बारशी, आणि परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या ऑफिसांतले कार्यक्रम. ही सगळी कामं यायची एकाच ठिकाणाहून. गणपतीचे अकरा दिवस आमच्या मंडपाशेजारी तो एक खुर्ची टाकून बसायचा, समोर दुसरी खुर्ची. माणूस बसायचा आणि दहा मिनिटांत स्वतःलाच हसत उठायचा. मागे रांगेतलं कुणीतरी म्हणायचं, "काका, डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, याल?" त्या दोन खुर्च्या म्हणजे त्याचं दुकान, त्याची पाटी, त्याची जाहिरात. दुसरं काही नव्हतं.

त्याची पद्धत अशी की आधी गप्पा मारायच्या. नाक कसं आहे हे तो बघत नाही, माणूस त्या नाकाचं काय करतो ते बघतो. आणि एक नियम: चित्राखाली ओळ लिहायची नाही. "ओळ लिवची लागली म्हणजे चित्र फसला," असं त्याचं म्हणणं.

आमचे अध्यक्ष मंडळाचेही आणि चाळ कमिटीचेही. काकाने त्यांचं चित्र मंडळाच्या अहवालासाठी काढलं होतं: एवढासा चेहरा आणि सुपाएवढा एक कान. का, तर पाणी आलं नाही, नवरा मारतो, रेशनकार्ड हरवलं, काहीही घेऊन जा, हा माणूस जेवणावरून उठून ऐकतो. अध्यक्षांनी ते चित्र फ्रेम करून घरात लावलं होतं. पाहुण्यांना दाखवायचे.

मग पुनर्विकास आला. बिल्डरच्या माणसाचं ऐकून अध्यक्षांनी संमतीपत्रावर सह्या गोळा करायला घेतल्या. करार कुणी वाचलेला नाही, चाळ बांधून होईपर्यंत बाहेर राहायचं भाडं किती वर्षं मिळणार ते कुठे लिहिलेलं नाही, आणि सह्या करा! मी भडकले. मुद्दा बरोबर होता, आजही आहे, एक शब्द मागे घेणार नाही. पण पत्रकाला चित्र हवं. चित्र नसलं तर आमच्याकडे लोक पत्रक घडी करून पलंगाच्या पायाखाली घालतात. मी अहवालातल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, पत्रकात टाकला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'हलक्या कानाचा अध्यक्ष!'

मला वाटलं, काय सुचलंय!

लालबाग, परळला आदल्या दिवशीच देऊन झालं होतं; आता आमच्या चाळीत तळमजल्यापासून वाटत वर येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका भेटला. मीच त्याच्या हातात दिलं.

"छान झालंय ना?"

तो वाचत राहिला. एवढा वेळ लागावा इतकं मोठं पत्रक नव्हतं ते.

"माका इचारलंस?"

"अरे, तुझंच तर चित्र आहे. सहीसुद्धा ठेवलीय तुझी."

"तीच कापूक व्हयी होती, गो," म्हणाला आणि बाजूने वर गेला.

चौथ्या दिवशी मंडळाचा निरोप आला की यंदा जागा कमी आहे. काकाच्या जागी सेल्फी पॉइंट उभा राहिला, पुठ्ठ्याचे दोन पंख. लोक पंखांमध्ये उभे राहून हसत होते. कशाला हसत होते कोण जाणे.

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चहा दिला. मला भांडण हवं होतं, चहा मिळाला.

"तुझा मुद्दा वाचला," ते म्हणाले. "त्याचं उत्तर सभेत देईन. पण पोरी, तो कान माझा नव्हता. तुझ्या काकाने दिलेला. आता नातू विचारतो, आजोबा, तुमचे कान हलके म्हणजे किती ग्रॅमचे? काय सांगू?"

"काकांचा यात काही हात नाही. मी परस्पर केलं."

"मला कळतं. बाकीच्यांना तू समजाव."

समजावलं. 'खुलासा' छापून दारोदार वाटला. आमच्याकडे आरोप सगळे वाचतात, खुलासा कोण वाचतो? त्याच्या कोऱ्या बाजूवर कॅरमवाल्यांनी स्कोअर लिहिले. उलट नवीनच सुरू झालं. काका नुसता कुणाकडे बघत उभा राहिला तरी लोक कानांवर हात ठेवायचे. "नको हां काका, तुमची पुतणी खाली काय लिहील भरवसा नाही!" सगळे हसायचे. काकाही हसायचा. पण समोर बसत कुणी नव्हतं.

मला मोर्चा काढता येतो, निवेदन देता येतं, अधिकाऱ्याच्या टेबलासमोर ठाण मांडता येतं. इथे कुणाच्या टेबलासमोर बसू?

गेल्या महिन्यात दादरला एका लग्नात त्याला जुन्या ओळखीतून बोलावलं. मी चित्राचा बोर्ड धरायला गेले. नवऱ्या मुलाचे मामा बसले. चांगलं वांग्यासारखं नाक, बोलताना हलणारं. एरवी काकाने त्याच नाकापासून सुरुवात केली असती. त्याने नाक मापात काढलं. कान मापात. हनुवटी मापात. मामा खूश.

"वा! अगदी फोटोसारखं!"

काका म्हणाला, "थँक यू."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या शब्दांवर थँक यू म्हटलं. मी बोर्ड धरून उभी होते. काही करता आलं नाही.

तेव्हा आता तुम्ही करा. काळाचौकी, लालबाग, परळ, जिथे जिथे ते पत्रक गेलं तिथल्या प्रत्येकाला सांगतेय. माळ्यावर, कपाटाच्या कागदाखाली, पलंगाच्या पायाखाली असेल ते. काढा. मुद्दे पटले नसतील तर फेकून द्या, माझी हरकत नाही. पण आधी कात्री घ्या आणि चित्राखालची ओळ कापा. चित्र ठेवा. मग खाली उतरा, आमच्या चाळीत या, काकाच्या समोरच्या खुर्चीत बसा, आणि कानावरचा हात काढा.