गटाचा नंबर

पंचफुला निखारेला मी एटीएम वापरायला शिकवलं, याचा आता मला राग येतो. बँकेतून निवृत्त झालो तरी स्वस्थ बसवत नाही, ही माझी खोड. सक्करदऱ्याच्या बचत गटातल्या बारा बायकांना दर गुरुवारी समाजमंदिरात बसवून मी पासबुक वाचायला, स्लिप भरायला शिकवायचो. खरं तर त्या एकमेकींकडूनच शिकायच्या. मी नुसता ओरडायचो.

पंचफुला त्यांच्यात सगळ्यांत तल्लख. सासऱ्याचा हातमाग भंगारात गेला, पाठोपाठ नवरा गेला, तेव्हापासून ती इतवारीतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावते. मुलगी कामिनी नर्सिंगला जाणार म्हणून तिने चार वर्षं एकेका साडीची मजुरी खात्यात टाकली. बेचाळीस हजार जमले. पहिल्या वर्षाची फी चाळीस होती.

बायका पिन विसरायच्या आणि मशीनपुढून घामाघूम होऊन परत यायच्या. तोडगा पंचफुलानेच काढला. सगळ्यांनी एकच नंबर ठेवायचा, गट सुरू झाला ती तारीख. एक विसरली तर अकरा जणी आहेत सांगायला. जी बाजारात जाईल तिने बाकीच्यांची कार्डं न्यायची, म्हणजे ऑटोचं भाडं वाचतं. मला कळलं तेव्हा मी संतापलो. पिन कोणालाही सांगायचा नसतो, हे शंभरदा सांगून झालं होतं.

"पण सर, गटातल्या बाया काय परक्या हायेत?" पंचफुलाने विचारलं.

बाकीच्या हसल्या. मलाही हसू आलं आणि मी विषय सोडून दिला. तिथेच माझं चुकलं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी पंचफुलाला ताप होता. औषधाला पाचशे रुपये हवे म्हणून तिने कार्ड शेजारच्या पुष्पलताकडे दिलं. वीस वर्षांचा शेजार, गटातही दोघी एकाच दिवशी आलेल्या. पुष्पलता एटीएमपाशी पोहोचली आणि तिला फोन आला, नवरा बाबूलाल कामावर कोसळला होता. दवाखाना पैसे भरल्याशिवाय दाखल करून घेईना. तिच्या स्वतःच्या खात्यात नऊशे रुपये होते. दुपारी कामिनीच्या मोबाईलवर लागोपाठ चार मेसेज आले, प्रत्येक दहा हजार काढल्याचा.

बाबूलालची बातमी तोवर वस्तीत आली होती. पंचफुला तापातच दवाखान्यात गेली. पुष्पलता बाकावर बसली होती. तिने कार्ड पुढे केलं.

"तुले विचारलं असतं तं तू नाही म्हटलं नसतं वं," ती म्हणाली. "मंग पोरीच्या फीचं पाप तुह्या डोक्यावर आलं असतं. आता ते माह्या डोक्यावर हाय."

पंचफुलाने कार्ड घेतलं. तिच्याजवळ तासभर बसून घरी आली.

गुरुवारी बाबूलाल गेला. शुक्रवारी फीची मुदत संपली. गटाची शिल्लक कर्जाऊ वाटलेली होती. बँकेने सांगितलं, कार्ड आणि नंबर तुम्हीच दिलात, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत पंचफुला गेली आणि वळली. कालच कुंकू पुसलेल्या बाईचं नाव कसं लिहून द्यायचं? त्या गुरुवारी वर्ग भरला नव्हता, मला हे सगळं मुदत उलटल्यावर कळलं. माझ्याकडे चाळीस हजार होते. आधी कळलं असतं तर दिले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

पुढच्या पंधरवड्यात बायका माझ्याकडे आल्या, पण एकेकट्या. प्रत्येकीला नंबर बदलायचा होता. मशीनपुढे प्रत्येकीने एका हाताने आकडे झाकून घेतले, मी शिकवलं होतं तसंच. पंचफुलानेही झाकले. पुष्पलता आलीच नाही. आता गुरुवारी समाजमंदिराला कुलूप असतं.

दिवाळीच्या आधी पंचफुला दारात उभी राहिली.

"सर, नवा नंबर आठवून नाही राहिला. तीनदा चुकला, मशीननं कार्ड बंद केलं."

कुठे लिहून ठेवला नाहीस का, असं मी विचारलं.

"तुमीच तं नाही म्हटलं होतं. आता विचारू कोणाले?"

उद्या बँकेत जाऊ, नवा नंबर मिळतो, असं मी म्हणालो. ती नको म्हणाली. खात्यात तसंही काही नव्हतं, आणि घरी कामिनी एकटीच साड्यांना फॉल लावत बसली होती.