गंजणारा चाकू

मला चाकू हवा होता. घडीचा, पर्समध्ये राहील असा, मिटल्यावर मुठीत मावेल एवढा. अडुसष्टाव्या वर्षी बाईला असा चाकू कशाला, हे बेंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मला तीनदा विचारून झालं. पेरू कापायला, बाल्कनीतल्या गुलाबाची फांदी छाटायला, पार्सलची चिकटपट्टी फोडायला, अशी उत्तरं मी देत गेले. ती खोटी नव्हती. खरं कारण एवढंच होतं की नागपूर सोडून मी मुलाकडे राहायला आले आणि वर्षभरात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या एकेक करून माझा हात पोचणार नाही अशा कप्प्यात गेल्या. कुणी काही बोललं नाही. सुऱ्या आपल्या आपण चढून बसल्यासारखं सगळे वागत होते.

दोनदा माझ्याकडून किल्ली दाराला तशीच राहिली होती. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मी बाल्कनीत कुंड्यांशी बोलत बसले होते. हे झालं आहे, मी नाकारत नाही. तेवढ्यावरून मला दवाखान्यात नेलं, स्मरणशक्ती तपासायला. डॉक्टर कन्नड होते. मला हिंदी, इंग्रजी सगळं येतं, पण सुनेला वाटलं की आईंना मराठीत बोलू द्यावं, आपण सांगू. डॉक्टरांनी चित्रं दाखवली. छत्री ओळखली, शेळी ओळखली. मग काठाचं एक भांडं आलं.

"गंज," मी म्हटलं.

आमच्याकडे दूध तापवायच्या, भात शिजवायच्या भांड्याला गंज म्हणतात. सून पुण्याची. तिच्या लेखी गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हिच्या पोटात दुखतंय. मग ती डॉक्टरांच्या कानाशी लागून काहीतरी बोलली आणि त्यांनी कागदावर फुली मारली. रात्रीच्या जेवणाला तिने हे मुलाला सांगितलं तेव्हा मला उलगडा झाला. मुलगा हसत सुटला. "अगं, गंज म्हणजे पातेलं! मी लहानपणापासून ऐकतोय." सून ओशाळली, माझी माफी मागितली, तिचे डोळेही भरून आले. मी तिला माफ केलं, पण सुऱ्या काही खाली आल्या नाहीत. मला राग आला तो याचा.

म्हणून मी चाकू घेणार असं जाहीर केलं. मुलाने विरोध केला नाही. तो आयटीतला, विरोध करण्याऐवजी तक्ता करतो. दोन दिवसांत त्याने लॅपटॉपवर पोलादाच्या सात जाती मांडल्या.

"आई, हे बघ, एज रिटेन्शन, कॉरोजन रेझिस्टन्स, टफनेस. स्वस्त स्टेनलेस नको, लवकर बोथट होतं. हे पावडर स्टील टॉप आहे, पण महाग आणि धार लावायला हिऱ्याचा दगड लागतो. हे मधलं टूल स्टील, धार महिनोन्महिने टिकते. आणि हे चांगलं स्टेनलेस. हेच घेऊ."

"आणि हे शेवटचं?"

"ते साधं कार्बन स्टील. ते गंजतं. कापून झालं की लगेच पुसायचं, कोरडं करायचं, तेल लावायचं. तुला कशाला तो व्याप?" मग तो जरा थांबला आणि अगदी मायेने म्हणाला, "स्टेनलेसचं बरं असतं आई. तू विसरलीस तरी त्याला काही होत नाही."

माझं डोकं तडकलं. मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. खोडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा तर तो इतका पातळ लागतो की बोटावर घेतला तर दिसू नये. तो आम्ही वस्तऱ्याने काढायचो, साध्या कार्बन पोलादाच्या. तास संपला की वस्तरा पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, डबीत ठेवायचा. माझ्या हातचा एकही वस्तरा गंजला नव्हता. मला पोलादाबद्दल तक्ता दाखवतो!

"काहून रे? मी विसरीन म्हणून चाकूही तसाच घ्यायचा?" मी म्हटलं. "मला शेवटचा पाहिजे."

रविवारी तो मला जयनगरला घेऊन गेला. बाजारातल्या एका बोळात जुनं दुकान आहे, अडकित्ते, कात्र्या, कोयते असं सगळं धारेचं तिथे मिळतं. गल्ल्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. मी मुलाशी मराठीत भांडत आत शिरले आणि ते मराठीतच म्हणाले, "या अक्का, बसा. भांडण मागनं करा." त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरूचं आहे. त्यांचं मराठी कन्नडात भिजलेलं, पण मला त्या क्षणी ते सख्ख्या भावासारखे वाटले.

त्यांनी दाखवायला ठेवलेले, हाताळून बोथट झालेले तीन जुने चाकू काचेवर मांडले. मुलाने सुचवलेलं स्टेनलेस, ते मधलं टूल स्टील आणि माझं कार्बन.

"ह्याला तुक्कु धरतंय अक्का," कार्बनच्या पात्यावर बोट ठेवून ते म्हणाले. तुक्कु म्हणजे कन्नडात गंज. "लिंबू कापलं आनि तसंच मिटलं की संपलं. स्वल्प जपायला पायजे."

"तिन्ही दगडावर सारखेच फिरवा," मी म्हटलं. "दहा-दहा वेळा."

त्यांनी फिरवले. मी पिशवीतून कोथिंबिरीची काडी काढली. टूल स्टीलच्या त्या जुन्या पात्याला दहा घासण्यांनी काही फरक पडला नव्हता, काडी चेंगरली. ते पातं जितकं उशिरा बोथट होतं तितकंच हट्टाने धारेला येतं. स्टेनलेसने कापली, पण कडेला धागा राहिला. कार्बनने काडीची पारदर्शक चकती काढली. मी ती नखावर घेऊन उजेडात धरली. आतल्या नळ्यांचं कडं नुसत्या डोळ्यांना दिसत होतं आणि माझा हात अजिबात हलत नव्हता.

"सरी अक्का, बरोबर," दुकानदार म्हणाले. "तुम्हाला कळतंय." मुलगा हाताची घडी घालून उभा होता. त्याने तो चाकू आणि धारेचा एक दगड बांधायला सांगितला. मेट्रोत चाकू नेऊ देत नाहीत म्हणून आम्ही रिक्षाने घरी आलो, आणि वाटेत सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत तासभर अडकलो तरी माझा आनंद काही कमी झाला नाही.

पुढचे पाच महिने मी त्या चाकूने सगळं केलं. टोमॅटो, कैऱ्या, कलमं. पात्यावर निळसर करडा रंग चढला, तो मुरलेल्या तव्यावर चढतो तसा चांगला असतो. जेवणं झाल्यावर मी मुद्दाम सगळ्यांसमोर चाकू पुसायची, खोबरेल तेलाचं बोट फिरवायची. हो, मुद्दामच. सून एकदा हसून म्हणालीही, "आई, आम्ही हरलो."

आणि परवा सकाळी मी चाकू उघडायला गेले तर तो उघडेना. जोर केला तेव्हा कुरकुरत उघडला. सांध्याजवळ तांबूस पापुद्रा आला होता, पात्यावर मसुराएवढे चार ठिपके. वाळलेली लिंबाची बी आत चिकटलेली. कधी लिंबू कापलं, ते मला आठवेना. शेजारणीकडे सरबत केलं होतं का? की घरीच? मी पलंगावर बसून खूप आठवलं. काही म्हणता काही आठवलं नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

घासून टाकता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण मी तो उघडा चाकू तसाच नाश्त्याच्या टेबलावर ठेवला.

"गंजला," मी म्हटलं. "मी विसरले."

मग मुलाने हात पुढे केला, चाकू हळूच उचलून घ्यायला. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आई," तो म्हणाला, "आता तरी स्टेनलेसचा घेऊया का?"

"नाही," मी म्हटलं. "तो पुसायला मी वीसदा विसरले असते आणि तो तसाच चकचकीत राहिला असता. तुम्ही आपसांत कुजबुजत राहिला असता आणि मला मात्र पत्ता लागला नसता. मी विसरत चालले असेन, तर ते सगळ्यांच्या आधी मला कळलं पाहिजे."

आणि मी धारेचा दगड भिजवला.