लॉनवर उभी राहिलेली हॉट रॉड

कुठल्याही शेडमध्ये दोन गोष्टी कुणी न आणता साठत जातात. एक म्हणजे कुठून निघाले ते कुणालाच आठवत नाही असे नट-बोल्ट, आणि दुसरे किस्से. नट-बोल्ट मी डब्यात भरून वर लेबल लावतो. किस्से डब्यात मावत नाहीत, ते कुणाला तरी ऐकवूनच मोकळं व्हावं लागतं.

आमची शेड मेलबर्नजवळ लॅव्हर्टनला आहे. शेडमध्ये आम्ही तिघं. बॅरी, वय चौऱ्याहत्तर, सगळा जन्म पत्रा ठोकून सरळ करण्यात गेला. मिलिंद, पिंपरीच्या टूलरूममध्ये शिकलेला, मेलबर्नला येऊन इथल्या गाड्यांच्या कारखान्यात टूलमेकर झाला. तो कारखाना बंद पडल्यापासून आठवडाभर एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. तिसरा मी, राहणार पॉइंट कुक, धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंग. शेडमध्ये माझा हुद्दा टॉर्च धरण्याचा आणि कागदपत्रांचा.

आम्ही हॉट रॉड बनवतो. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या गाडीचा सांगाडा घ्यायचा, छप्पर कापून बुटकं करायचं, पोटात दमदार इंजिन बसवायचं आणि बाकीचं सगळं हाताने घडवायचं. जुन्या गाड्या जशाच्या तशा जपणाऱ्या मंडळींच्या मते हे पाप आहे. बॅरीच्या मते ते जपतात ते लोणचं.

बॅरी अर्थातच इंग्रजीत बोलतो. मी त्याचं मराठीत सांगतोय, आणि शिव्या गाळून सांगतोय, त्यामुळे तो मितभाषी वाटण्याची शक्यता आहे.

*

सुरुवात पार्किंगपासून झाली. दर वर्षी एका जुन्या बंगल्याच्या लॉनवर मोठा कार शो भरतो. हिरवंगार गवत, टोप्या घातलेले मालक आणि प्रत्येक गाडीपुढे एक छोटी पाटी. आम्ही तिघं बॅरीच्या जुन्या हॉट रॉडमध्ये दाटीवाटीने बसून नुसते बघायला गेलो होतो. गेटवरच्या ब्लेझरवाल्या गृहस्थाने गाडी पाहिली आणि हात लांब केला. "हॉट रॉड ना? मागचं पब्लिक पार्किंग, मेट."

बॅरीने निमूट स्टीअरिंग फिरवलं. ज्या सवयीने फिरवलं, त्यावरून कळलं की हा माणूस तीस वर्षं तिथूनच वळतोय.

मागच्या पार्किंगमध्ये, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभं राहून आम्ही सँडविच खाल्लं. मिलिंदने कागदाची नीट घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, "बॅरी, आपण एक गाडी बनवायची. ती त्या गवतावर उभी राहणार. आणि पुढच्या पाटीवर ती कुणी बनवली ते लिहिलेलं असणार."

मला आधी वाटलं, ऊन लागलंय. पण घरी जाताना तो मला मराठीत एवढंच म्हणाला, "फॅक्टरी बंद झाली रे. माझे हात कुठे बंद झालेत?" त्यानंतर मी या विषयावर विनोद केला नाही. म्हणजे त्याच्या समोर तरी नाही.

*

सांगाडा एका शेतावर मिळाला. चौतीस सालची दोन-दारी गाडी, आणि आत सहा कोंबड्या राहायला. शेतकरी म्हणाला, गाडी न्या, पण कोंबड्यांची सोय लावा. मिलिंदने शनिवार-रविवार खपून त्यांना खुराडं बांधून दिलं. खुराड्याचा प्रत्येक कोपरा गुण्यात, अगदी काटकोनात. शेतकऱ्याने खुराड्याभोवती एक फेरी मारली, मग गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोंबड्यांचा फायदा झाला."

*

छप्पर कापायचा दिवस. हे काम एकदाच करता येतं. कापलं ते कापलं. मिलिंद तीन आठवडे व्हर्निअर घेऊन गाडीभोवती फिरत होता. आकृत्या, कोन, पुठ्ठ्याचे नमुने. बॅरी या काळात चहा पीत होता.

त्या दिवशी सकाळी बॅरीने एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला आणि खडूने गाडीभर एक रेघ मारली. मिलिंदचा चेहरा पांढरा पडला. त्याने आपले नमुने आणले आणि एकेक करून रेघेवर ठेवले. पुढचा खांब, मागचा खांब, डावा, उजवा.

शेवटी मिलिंद म्हणाला, "रेघ बरोबर आहे. खडू जाड आहे."

बॅरीने खडूला टोक काढून दिलं. त्या दिवसापासून त्या दोघांत भांडण म्हणून झालं नाही. वाद रोज झाले.

*

मिलिंदची बायको वैशाली नर्स आहे. तिच्या स्वयंपाकघरातला नळ चौदा महिने गळत होता. "करतो ना या वीकेंडला," हे तिने तितकेच महिने ऐकलं. एका शनिवारी दुपारी ती शेडवर आली, पिशवीतून नळ काढला आणि वर्कबेंचवर ठेवला. त्याला हॉस्पिटलमधला पट्टा बांधलेला होता. त्यावर लिहिलं होतं, पेशंट, नळ. ॲडमिट, शनिवार. डिस्चार्ज, शनिवार.

मिलिंदने त्या दिवशी गाडीला हात लावला नाही. नळाचा आतला दांडा स्टेनलेस स्टीलचा नवा लेथवर कातून बसवला. वैशाली म्हणते, घर पडेल, नळ गळणार नाही.

*

आता खंडेनवमीचा किस्सा. यात चूक माझी आहे, आधीच कबूल करतो.

मी शेडमध्ये हत्यारांची पूजा करतो. मिलिंद बौद्ध आहे, तो पूजेत नसतो. दसऱ्याच्या सुमाराला त्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो, पांढरा सदरा घालून तो तिकडे जातो. पण माझ्यासाठी पाने, हातोड्या पुसून चकचकीत करून ठेवतो, आणि ते माझ्या पूजेपेक्षा जास्त भक्तीचं काम असतं. त्या वर्षी मी चादरीवर सगळी हत्यारं मांडली, झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं आणि बॅरीला सांगितलं, "आज हत्यारं वापरायची नाहीत. ती विश्रांती घेतायत."

"कधीपर्यंत?"

"उद्या मी फूल वाहून उचलेन, मग चालू."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ऑफिसने मला सिडनीला पाठवलं. मी साफ विसरलो. गाडी रस्त्यावर आणायची तर मान्यताप्राप्त इंजिनिअरने तपासून सही करावी लागते, आणि ती तारीख दहा दिवसांवर आलेली. सहाव्या दिवशी मिलिंदचा फोन.

"अरे, तू याला काय सांगून गेलायस? हा हत्यारांना हात लावू देत नाही. शेजारच्या सायलेन्सरवाल्याकडून पाने उसने आणून काम चाललंय."

"मग तू उचल ना."

"मी तेच म्हणालो. म्हटलं, बॅरी, मी यातलं काही मानत नाही, मी उचलतो. तर म्हणतो, मेट, म्हणूनच तू उचलायची नाहीत."

मग मी सिडनीच्या ऑफिसमधल्या मीटिंग रूममधून व्हिडिओ कॉल लावला. बॅरीने टोपी काढली. माझ्या सांगण्यावरून वाळलेला एक झेंडू त्याने पुन्हा वाहिला, नमस्कार केला आणि विचारलं, "सगळी एकदम उठवू का एकेक?" म्हटलं, एकदम. काचेबाहेर माझी मॅनेजर उभी होती. तिला मी सांगितलं की प्रॉडक्शनचा इश्यू आहे. खोटं नव्हतं ते.

*

तपासणीला इंजिनिअर आला. गाडीत शेजारच्या सीटवर माणसाएवढं वजन ठेवून ब्रेक मारून बघायचा, असं त्याने सांगितलं. वजन आणायला मी विसरलो होतो. धावत टार्निटच्या इंडियन ग्रोसरीत गेलो आणि वीस-वीस किलोच्या बासमतीच्या चार गोण्या आणल्या. सीटवर रचून त्यांना पट्टा बांधला.

इंजिनिअर स्वतः चालवायला बसला. वेग घेतला, ब्रेक मारला. गाडी नाकासमोर सरळ थांबली. एक गोणी मात्र फाटली. तो उतरला तेव्हा त्याच्या बुटांतून, खिशांतून, कॉलरमधून तांदूळ गळत होते. आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे. मिलिंदच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षांची मेहनत वाहून चालल्याचं स्पष्ट दिसत होतं.

इंजिनिअरने फॉर्म बॉनेटवर ठेवला, सही केली आणि म्हणाला, "ब्रेक उत्तम. पॅसेंजरला डॉक्टरकडे न्या."

*

इकडे शो कमिटीला दर वर्षी अर्ज जात होते. लिहायचो मी, पाठवायला लावायचा मिलिंद. पहिल्या वर्षी उत्तर आलं की बदल केलेल्या गाड्यांचं पब्लिक पार्किंगमध्ये स्वागत आहे. दुसऱ्या वर्षी, आपल्या सातत्याबद्दल आभार. तिसऱ्या वर्षी उत्तरच नाही. मिलिंद म्हणाला, "पाठव परत. नाही म्हणायचा कंटाळा त्यांना आधी येईल."

पाचव्या वर्षी कमिटीच्या एक बाई गाडी बघायला शेडवर आल्या. मोत्यांचे कानातले, हातात वही. त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "यात ओरिजिनल नेमकं काय आहे?"

मी घसा खाकरून उत्तर जुळवू लागलो. बॅरी म्हणाला, "गंज ओरिजिनल होता. तो आम्ही काढला."

संपलं, असं मला वाटलं. बाईंनी वही मिटली. मग मिलिंद पुढे आला आणि गाडीखाली सरकून दिवा लावला. "मॅडम, वरून सगळेच बघतात. खालून बघा." आणि त्या बाई, मोत्यांसकट, चटईवर आडव्या होऊन गाडीखाली गेल्या. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या, केसांत ग्रीस. जाताना त्यांनी मिलिंदशी हात मिळवला.

महिन्याभरात पत्र आलं. हाताने बनवलेल्या गाड्यांसाठी या वर्षीपासून नवा विभाग, जागा तीन, त्यातली एक आमची. पाटीवर बनवणाऱ्याचं नाव टाकायला त्यांच्याकडे रकानाच नव्हता. त्यासाठी मी आठ ईमेल केले. रकाना झाला.

*

शोच्या दिवशी आम्ही तिघांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते. बॅरीला इस्त्रीचा शर्ट घातलेला मी प्रथमच पाहिला, बिचारा अवघडून उभा होता. पाटीवर खाली दोघांची नावं होती, बॅरीचं आणि मिलिंदचं. गवताच्या कडेने दर दहा पावलांवर सूचना, गाड्यांना कृपया हात लावू नये. लोक येत होते, हसून पुढे जात होते. एकाने विचारलं, ही चुकून इथे आली का? मिलिंद म्हणाला, "नाही, ठरवून." त्याचा आवाज शांत होता, पण मुठी घट्ट आवळलेल्या होत्या.

अकराच्या सुमाराला मुख्य परीक्षक आले. उंच, म्हातारे, ब्लेझर, अंत्ययात्रेला आल्यासारखा चेहरा. त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीचा या लॉनवर फार मान आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. रंगाकडे त्यांनी पाहिलं, काही लिहिलं नाही. इंजिन पाहिलं, काही लिहिलं नाही. मग चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि बोटाने हलकेच ढकललं.

या दाराबद्दल सांगायला हवं. त्या काळच्या गाड्यांची दारं आपटल्याशिवाय लागत नाहीत, भांड्यांचा रॅक पडल्यासारखा आवाज होतो. हे दार मिलिंदने चार महिने घडवलं होतं. बिजागऱ्या, खटका, आतला प्रत्येक चाप त्याने स्वतः कातला होता. बोटाने ढकललं की दार मिटतं आणि एक बारीक, भरीव टक् ऐकू येतो.

परीक्षकांनी दार पुन्हा उघडलं. पुन्हा ढकललं. टक्. तिसऱ्यांदा उघडण्याआधी त्यांनी क्लिपबोर्ड गवतावर ठेवला.

"हे दार कुणी बसवलं?"

उभ्या आयुष्यात बॅरीने दाराचं श्रेय दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. त्याने मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. "याने. एकट्याने."

"कुठे शिकलात?"

"आधी पिंपरी, सर. नंतर इथल्या कारखान्यात. बंद होईपर्यंत."

परीक्षकांनी मान हलवली. मग वळून शेजारच्या गाडीच्या मालकाला हाक मारली, "जरा इकडे ये. हे दार लाव." तो आला, त्याने लावलं, आणि त्याने पुढच्याला बोलावलं. बघता बघता आमच्या गाडीपुढे टोप्या घातलेल्या आठ-दहा मालकांची रांग लागली. प्रत्येक जण यायचा, दार उघडायचा, बोटाने ढकलायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. मिलिंद हात मागे बांधून ताठ उभा होता.

तेवढ्यात शोची एक स्वयंसेविका लगबगीने आली. "सर, प्लीज! गाड्यांना हात लावायला परवानगी नाही."

परीक्षकांनी मागे न बघता ओठांवर बोट ठेवलं.

"शू. आम्ही ऐकतोय." आणि मिलिंदकडे वळून म्हणाले, "पुन्हा एकदा, प्लीज. या वेळी तुम्ही."

मिलिंदने दार उघडलं.