आजारी गाय आधी

धारेला बसण्याआधी तो दोन्ही तळहात पायजम्याला पुसायचा. तेवढ्याने त्याचे हात स्वच्छ. साबण आणि पाण्याची बादली मी शेजारीच ठेवलेली असे. "वैनी, गाईला साबनाचा वास खपत न्हाई," हे त्याचं ठरलेलं उत्तर. जणू गाईनेच त्याच्या कानात सांगितलं होतं.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याला काही माहीत नसतं, आणि शंका तर कधीच येत नाही. कासार आंबोलीच्या आमच्या गोठ्यात त्याने सहा वर्षं धारा काढल्या.

भाद्रपदात चंद्रीची कास सुजली. मागच्या उजव्या सडाला हात लावू देईना. पौडहून डॉक्टर आले. काळ्या थाळीच्या चार वाट्यांत चारही सडांचं दूध घेतलं, वर जांभळं औषध टाकून थाळी गोल फिरवली. तीन वाट्यांत दूध पातळच राहिलं, चौथ्या वाटीत चिकट गोळा झाला.

तो मागून वाकून म्हणाला, "बघा, दूद कसं दाट हाय! खरवसावानी!"

डॉक्टरांनी समजावलं. जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत धावतात, लढतात, मरतात. दाटपणा त्यांचाच.

"मंग आपन कशाला मदी पडायचं? तिच्या अंगातली मानसं लागली की कामाला."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

मी यादी करून खांबाला लावली. हात साबणाने धुणे. निरोगी गाई आधी. चंद्री शेवटी, तिचं दूध वेगळ्या भांड्यात. त्याने बोट फिरवत ती वाचली. "व्हय, वैनी."

महिन्याभरात आणखी दोन कासा सुजल्या. एका पहाटे मी न सांगता गोठ्यात गेले. बादली वाजली, चंद्री हंबरली आणि "आलो गं बाय" म्हणत हा सगळ्यांत आधी तिच्याखाली बसला. तिथून उठला तो तसाच शेजारच्या गाईकडे.

"चंद्री शेवटी म्हटलं होतं ना?"

"वैनी, घरात कुनी आजारी आसलं तर त्याला आदी इचारत्यात. ठनकतंय तिला. कास तुंबलेली घिऊन सगळ्यांच्या मागं किती येळ उभी ऱ्हाईल?"

"आणि त्याच हातांनी बाकीच्यांना रोग वाटतोस?"

त्याने हात पाहिले आणि पायजम्याला पुसले.

त्याच दिवशी त्याला काढलं. बाकी दोघी बऱ्या झाल्या. चंद्रीचं ते सड मात्र कायमचं आटलं. तो आता हिंजवडीत एका टॉवरच्या फाटकावर असतो म्हणे. गाड्यांचे आजारही ओळखत असेल.

नवा माणूस साबणाने हात धुतो, यादीप्रमाणे चालतो. पहिल्या गाईखाली बादली वाजली की ओळीच्या टोकाला चंद्री हंबरते, मान वळवून दाराकडे बघते.

"हिला काय झालं, वैनी?" त्याने परवा विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तिचा नंबर शेवटचा आहे."