मानेवरचे चार ठिपके

सकाळी घरातलं कुणी उठण्याआधी वहिनी आरशासमोर उभी राहायची, कामाच्या सदऱ्याची वरची गुंडी सोडायची आणि डाव्या कानाखालच्या पांढुरक्या ठिपक्यांवर एकेक करून टाचणी टोचायची. दुखलं की तिच्या जिवात जीव यायचा. चार ठिपके, चार टोचण्या. मग त्यावर मलमाचा जाड थर, थरावर पावडर, आणि गळ्यापर्यंत गुंड्या बंद. एवढं झालं की ती कामाला जायला मोकळी.

काम इस्त्रीचं होतं. एका मोठ्या इस्पितळाचे कपडे धुणाऱ्या कारखान्यात ती उशीच्या अभ्र्यांच्या टेबलावर उभी असे. तिचा दीर तिथेच गाडी चालवायचा. पहिल्या दिवशी त्यानेच तिला मुकादमबाईंपुढे नेऊन सांगितलं होतं, की ही माझी वहिनी, हात चांगला आहे. तेव्हापासून ती सगळ्यांचीच वहिनी झाली. हात खरंच चांगला होता. तिच्या शेजारी उभी राहून घड्या घालणारी घडीवाली म्हणायची, "हिच्या अभ्र्यावर डोकं ठेवायला मिळणार असेल तर मी आजारी पडायला तयार आहे."

वहिनी माळावरच्या कोरड्या गावातून आलेली. तिथल्या वाऱ्याने ओठ फुटायचे, गालांना भेगा पडायच्या. तिची आई मेण आणि तेल एकत्र कढवून पांढरं घट्ट मलम करायची. लेक सासरी निघाली तेव्हा आईने बरणी हातात देऊन म्हटलं होतं, लोक दागिने देतात, मी तुला कातडी देते. नवऱ्याची बदली होऊन या खाडीकाठच्या गावात आल्याला वर्षही झालं नव्हतं. इथली हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटायची. वाळत घातलेला रुमाल दुसऱ्या दिवशीही दमटच. त्यात इस्त्रीच्या खोलीतली वाफ. वहिनीने आपल्या अकलेने विचार केला: तिकडे नुसत्या वाऱ्याने कातडी करपायची, इथे तर समोर तापलेलं लोखंड. म्हणून तिने मलम दुप्पट केलं. सकाळी, दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. घाम आला तरी पुसायची नाही. घामाबरोबर मलम जाईल ना.

पहिला ठिपका डाळीएवढा होता. महिन्याभरात चार झाले आणि सगळ्यांत मोठा नखाएवढा. तो दिसला त्या दिवसापासून तिने गळ्याची गुंडी उघडी ठेवली नाही.

तिच्या माहेरी एक आत्या होती. आत्याच्या हातांवर पांढरे चट्टे होते. मागच्या खोलीत तिचं अंथरूण, खिडकीत तिचा वेगळा पेला. आत्या कधी तक्रार करायची नाही. सात वर्षांची वहिनी तो पेला पायाने सरकवायची, हात लागू नये म्हणून. कोड, की त्याहून वाईट काही? त्या दुसऱ्या रोगाचं नाव ती मनातही घेत नव्हती. कातडी बधिर झाली की समजायचं, एवढं लहानपणी कानावर आलं होतं. म्हणून ती टाचणी.

तिने नवऱ्याला सांगितलं नाही. आपला पेला मात्र वेगळा ठेवायला लागली, खिडकीतच. मुलीने एकदा विचारलं, "आई, तू माझा उष्टा चहा का पीत नाहीस हल्ली?" वहिनी म्हणाली, गोड फार करतेस तू. मुलगी हसली. वहिनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कारखान्याचा नियम साधा होता. अंगावर पुरळ, खरूज, चट्टा, काहीही दिसलं तर डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत टेबलापासून दूर. आजाऱ्यांचे कपडे, दुसरं काय करणार? पण वहिनीला वाटायचं, डॉक्टर बघतील आणि चिठ्ठीऐवजी तेच नाव लिहून देतील. मग टेबल गेलं, घर गेलं, मागची खोली आली.

अशात अभ्र्यांवर डाग यायला लागले. धुऊन आलेला अभ्रा पांढराशुभ्र, आणि इस्त्री फिरली की मधोमध पिवळं वर्तुळ. इस्पितळाने पहिल्या दिवशी तीन परत पाठवले, मग सात, मग अकरा. मुकादमबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. त्यांनी धुलाईवाल्यांना झापलं, इस्त्र्यांचे तळवे घासून घेतले, आणि शेवटी जाहीर केलं की उद्यापासून एकेका टेबलाशी उभ्या राहून बघणार.

चोराच्या मनात चांदणं. वहिनीला तर कुणी काही म्हटलंही नव्हतं. त्या दुपारी ती खाली वाकली, हनुवटीवरून एक थेंब अभ्र्यावर पडला, इस्त्री त्यावरून गेली आणि तिच्या डोळ्यांदेखत पिवळं वर्तुळ उमटलं.

तिने इस्त्री बाजूला ठेवली. म्हणजे हे आपल्यातून गळतंय. आणि या अभ्र्यांवर आजारी माणसं गाल टेकून झोपतात. तिने तो अभ्रा चुरगाळून टोपलीत टाकला. घडीवालीने विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाली, चुणी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणी मोठ्या ठिपक्यावर टोचली, तर काहीच वाटलं नाही. हात इतका थरथरत होता की टाचणी कातडीला टेकली तरी होती का, हेही तिला सांगता आलं नसतं. पण पुन्हा टोचून बघायचा धीर तिला झाला नाही.

मुकादमबाई नेमक्या तिच्याच टेबलापासून सुरू झाल्या. दहावा अभ्रा, आणि डाग. बाईंनी तो बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"हे मेण आहे. तोंडाला काय फासतेस तू?"

वहिनीचा हात मानेकडे गेला. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, घामात वितळून मानेवर ओघळलेल्या मलमाकडे पाहिलं, आणि दोन बोटांनी सदऱ्याची गळपट्टी बाजूला केली. घडीवालीचे हात थांबले.

"किती दिवस आहे हे?"

"तीन महिने."

"तीन महिने टाचण्या टोचत बसलीस?" ठिपक्यांभोवतीचे लाल बारीक टिंबं बाईंना दिसली होती. आवाज नेहमीचाच, पण त्यांनी गळपट्टी हळूच नीट केली. "आज टेबल नाही. इस्पितळात जा. चिठ्ठी घेऊनच ये."

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. वहिनीने डोळे मिटले. कापसाची वात कानाखाली फिरली. लागतंय? हो. इथे? हो. इथे? मोठा ठिपका. वहिनीने श्वास रोखला. हो, लागतंय. मग त्यांनी खरवडून कोंडा काढला, काचेवर घेऊन आत गेल्या. त्या पंधरा मिनिटांत वहिनीने मुलीचं सगळं आयुष्य आपल्याशिवाय पाहून घेतलं.

"शिबं आहेत, कातडीवरची बुरशी," बाहेर येऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दमट हवा आणि घाम यात ती फोफावतात, आणि वर तेलकट थर दिला की त्यांना पंगतच. बरणी बंद करायची. दिवसातून दोनदा गार पाण्याने आणि साध्या साबणाने तोंड-मान धुवायची आणि कोरडी टिपायची. घाम आला की पुसायचा. गळा उघडा, कापड सुती आणि सैल. लावायला औषध दिलं होतं. रंग परत यायला काही महिने लागतील, तोवर घाबरायचं नाही, आणि शिबं कुणाला लागत नाहीत.

वहिनी उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि ते दुसरं असतं तर?"

"कोड असतं तर ते कुणाला लागत नाही. आणि तुम्ही ज्याला घाबरलात, त्यावर गोळ्या आहेत. वेगळी भांडी कशासाठीच लागत नाहीत."

घरी जाऊन वहिनीने खिडकीतला पेला उचलला आणि इतरांत ठेवला. मग तिथेच खाली बसली. रडू आलं ते सुटल्याचं नव्हतं. पायाने सरकवलेला एक पेला फरशीवर कसा खरखरायचा, ते तिला ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन टेबलाशी उभी राहिली. धुतलेला, उघडा चेहरा. इतकं नागडं तिला कधी वाटलं नव्हतं. गुंडी सोडलेली, चारही ठिपके खोलीभर दिसावेत असे. हात दोनदा गुंडीकडे गेला.

तिने पहिला अभ्रा पुढे केला. घडीवालीने तो घेतला, पण कोपऱ्याला, दोन बोटांच्या चिमटीत धरून.

ती चिमूट तिच्या ओळखीची होती. मान खाली घालावी आणि दुसरा अभ्रा घ्यावा, असं फार वाटलं. आत्याने जन्मभर तेच केलं होतं.

"शिबं आहेत," ती म्हणाली. "लागत नाहीत. तुला भीती वाटत असेल तर मला विचार, पण असं धरू नकोस."

घडीवालीने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग अभ्रा दोन्ही हातांनी छातीशी घेऊन घडी घातली, आणि वर न पाहता म्हणाली, "डाग नाही आज."

वहिनीने कपाळावरचा घाम रुमालाने पुसला आणि पुढचा अभ्रा पसरला. मग तिने इस्त्री जरा घट्ट धरली.