एका घडाचे मालक

ती घटना माझ्या डोक्यातून आजही जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. पण थक्क व्हावं असं प्रकरण एकच, आणि ते एका केळीच्या घडाचं होतं. हसू नका, आधी मीही हसलोच होतो.

वसई-विरार भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. माणिकपूरला रिक्षा स्टँडमागे एक जमीन दलाल बसायचा, तो आमचा खबऱ्या. एक दिवस चहाच्या टपरीवर मला गाठून म्हणाला, "साहेब, आगाशीच्या रस्त्यावर गावकऱ्यांचं ते डायलिसिस केंद्र आहे ना, तिथे पाणी मुरतंय. वर्षाला एक लिलाव करतात. केळीचा एक घड ठेवतात. गेल्या वेळी त्या घडाला जी किंमत आली, तेवढ्यात एखादा लहान फ्लॅट येईल. काळ्याचं पांढरं चाललंय, दुसरं काय?"

खबर पटण्यासारखी होती. आमच्याकडे साधं बाकडं बसवलं तरी त्याच्या पाठीवर 'यांच्या सौजन्याने' असं रंगवलेलं असतं. बसथांबा, पाणपोई, स्मशानातली शेड, जिथे बघाल तिथे कुणीतरी हात जोडून फोटोत उभा. अशा ठिकाणी पैसे देऊन कुणी नाव लपवत असेल, तर त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे, हा माझा ठोकताळा होता आणि तो सहसा चुकत नसे.

हवालदाराला घेऊन मी केंद्रावर गेलो. हा हवालदार आगाशीचाच. अबोल माणूस, पण अक्षर सुरेख, म्हणून जबाब लिहायला मी नेहमी त्यालाच बसवायचो. केंद्र म्हणजे एका जुन्या गोदामाचा केलेला दवाखाना. धुतलेली फरशी, मशिनी, रांगेत खुर्च्या. रुग्णांकडून पैसे घेत नाहीत असं कळलं. देणगीदारांचा फलक शोधला तर कुठेच नव्हता.

एका खुर्चीत अर्नाळ्याची एक कोळीण हाताला नळ्या लावून बसली होती. माझी वर्दी पाहून तिनं थेट विचारलं, "साहेब, बुधवारी मशीन चालू हाय ना? नायतर आंगात पानी भरतं माज्या. श्वास घेवाया जमत नाय."

माझ्या खिशात बँकेला द्यायच्या पत्राचा मसुदा होता. खातं गोठलं की औषधं आणि पगार थांबणार, आणि बुधवारी ही बाई बंद दारासमोर उभी राहणार, हे मला कळत होतं. मी "बघू" म्हणालो. पोलिसाचं "बघू" कसं असतं ते तिला बरोबर कळलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

सोमवारी केंद्राच्या खजिनदारांना ठाण्यात बोलावलं. नंदाखाल गावचे वाडीवाले, केळी-नारळाची बागाईत, गाव त्यांना काका म्हणायचं. धुतलेला सदरा घालून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांच्या हिशेबात लिलावाची पावती एकच होती. 'केळीचा घड, नग एक' आणि समोर ती भलीमोठी रक्कम. घेणाऱ्याच्या जागी 'गावकरी'.

"काका, हा गावकरी कोण?"

"गावकरी म्हणजे गावकरीच, साहेब."

"कुणी बिल्डर आहे का? पुढारी? बाहेरचा पैसा?"

"नाही हो. एक पुढारी आला होता, वडिलांचं नाव दारावर लावा म्हणत. त्याला चहा पाजून परत पाठवला."

"मग घड घेतला कुणी, त्याचं नाव सांगा."

"ते नाही सांगायचं. आमचा नियम आहे." मग म्हणाले, "नाव घेतलं की उद्या त्या खुर्चीत एक जण मान वर करून बसेल आणि दुसरा खाली घालून. आजारी माणसाला तेवढा त्रास पुरे आहे ना?"

मी सरळ, दरडावून, समजावून, सगळ्या रीतींनी विचारलं. सराईत चोर निदान खोटं तरी बोलतो आणि खोट्याला कुठेतरी फट असते. न बोलणाऱ्या सज्जन माणसाचं काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी वैतागून म्हणालो, "उद्या सकाळी नाव घेऊन या. नाहीतर खातं बंद होईल, तुमच्यावर गुन्हा दाखल होईल आणि केंद्राला कुलूप लागेल." काकांचा चेहरा उतरला. पण नाव काही निघालं नाही.

मंगळवारी सकाळी काका नाव न आणताच येऊन बसले होते. मी हजेरी घेऊन खुर्चीत बसतोय तोवर दारात ती अर्नाळ्याची कोळीण. हाताला आता नळ्यांच्या जागी पट्टी.

"काकांना सोडा. घड मी घेतला व्हता."

मी म्हटलं, "मावशी, फुकट उपचार घेणारी तू, लिलाव कसला घेतेस?"

ती भडकली. "फुकट बसते असं कोनी सांगितलं तुमाला? मासली विकून घेतला घड."

तिला बाकावर बसवतो न बसवतो, तर एक रिक्षावाला आत आला. "साहेब, काकांना खालीपिली टेन्शन देऊ नका. तो घड मी घेतला होता."

त्याच्या मागे फुलांची टोपली घेऊन निर्मळकडची एक बाई, गळ्यात क्रूस. घड तिनंच घेतलेला. मग एक शाळामास्तर, मग आगाशी बाजारातला भांड्यांचा दुकानदार. दुपारपर्यंत ठाण्याचा व्हरांडा भरला आणि जो तो त्या एकाच घडाचा मालक. माझं डोकं फिरलं. अख्खं गाव ठरवून खोटी साक्ष द्यायला आलंय, अशी माझी खात्रीच झाली. टेबलावर हात आपटून विचारलं, "एक घड आणि एवढे मालक? मला काय खुळा समजता?"

 मग कोळीण उठली आणि लहान पोराला सांगावं तसं मला म्हणाली, "घेतला आन् परत दिला, साहेब. घरी नेवाचा नसतो तो. देवाला दिला की परत बोली. मंग ह्या रिक्षावाल्यानं घेतला, त्यानंबी दिला."

मी काकांकडे पाहिलं. ते ओशाळून म्हणाले, "देवळाच्या जत्रेत आणि चर्चच्या सणात, दोन्हीकडे ही जुनी चाल आहे. पहिलं पीक वाहायचं, बोलीत घ्यायचं आणि परत वाहायचं. आम्ही तीच केंद्रासाठी उचलली. तोच घड दिवसभर फिरतो आणि दर बोलीचे पैसे केंद्राला मिळतात. संध्याकाळी केळी काळी पडतात हात लागून लागून."

"मग पावती एकच का फाडलीत?"

"घड एकच होता ना, साहेब."

 मी हवालदाराला जबाब घ्यायला सांगितलं. माणसं एकेक करून बसली. कुणी पासबुक आणलं होतं, कुणी बांगडी मोडल्याची सोनाराची चिठ्ठी. त्यातल्या कित्येकांच्या घरचं कुणी ना कुणी त्या खुर्च्यांत बसून गेलेलं किंवा अजून बसणारं. बाहेरून कुणी दाता यावा आणि आपण हात पसरावेत, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं मी या भागात राहिलो, या रस्त्यांवरून गस्त घातली, आणि माझ्या नाकासमोर हे चाललेलं मला दिसलं नव्हतं. खरं सांगतो, त्या व्हरांड्याकडे बघताना अंगावर काटा आला.

संध्याकाळी जबाबांची बेरीज पावतीशी लावली. थोडी कमी भरली. एक बोली सापडत नव्हती.

"काका, एक मालक अजून बाहेर आहे."

काका छताकडे बघत बसले. तेवढ्यात माझ्या शेजारी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. हवालदारानं टोपी काढून टेबलावर ठेवली होती.

"साहेब, ती माझी. माझा जबाब तुम्ही लिहा."

मी विचारलं, "सकाळपासून इथे बसून सगळ्यांचं लिहितोयस. पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेस. बोलला का नाहीस?"

"नियम आहे, साहेब. आई तिथे बसायची माझी. गेल्या वर्षी गेली." एवढंच म्हणाला आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला. माझं अक्षर वाईट, तरी तो जबाब मी स्वतः लिहिला.

खबरीत तथ्य आढळून आलं नाही असा अहवाल वर पाठवला. बँकेचं पत्र फाडून टाकलं. काकांना बजावलं, की यापुढे प्रत्येक बोलीची वेगळी पावती फाडा, नाव लिहा आणि पुस्तक कपाटात बंद ठेवा. त्यांनी मान डोलावली. कोळीण दारातच थांबली होती.

"बुधवारी?"

"चालू आहे," मी म्हणालो.

तपासात पैसा कुठून आला हे विचारायला आम्हाला शिकवतात, आणि ते विचारायलाच हवं. पण नाव लपवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात चोरच असतो असं नाही, हे मी निवृत्तीला आलो असताना मला त्या लोकांनी शिकवलं. त्यानंतर माझा तो ठोकताळा मी वापरला नाही.

आता मी निवृत्त आहे आणि दर वर्षी त्या लिलावाला जातो. हवालदारही भेटतो, दोघं मागच्या बाकावर बसतो. घड माझ्याही हातात येऊन गेलाय, चांगला जड असतो. तो माझ्याकडे कसा आला आणि मी त्याचं काय केलं, ते मात्र सांगणार नाही.